एवढी सुई होऊ दे

महाराष्ट्रात थंडी आधी वर्तमानपत्रात पडते. डिसेंबर लागला की महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर गोठलेल्या दवबिंदूंचा फोटो येतो. मग निफाडचा पारा घसरतो. मग द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून घड सांभाळत बसलेला शेतकरी दिसतो. आणि शेवटी पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी चढते. गणपतीने कानटोपी घातली म्हणजे थंडी अधिकृत झाली असं समजून पुणेकर आपापल्या कानटोप्या बाहेर काढतात. आम्ही नाशिककर तिकडे जरा तुच्छतेनेच बघतो, कारण निफाड आमच्या जिल्ह्यात आहे. आमच्या आत्याला मात्र हे जिल्ह्याजिल्ह्यांतलं राजकारण शिवत नाही. ती तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघते आणि दरवर्षी एकच शंका काढते, "गजाननाचे कान टोपीच्या आत घेतात की बाहेर ठेवतात? आत घेत असतील तर टाके किती घातले असतील ग?"

थंडीचा हा गाजावाजा बाजूला ठेवून हिशेब मांडा. अंगात खरोखर हुडहुडी भरावी असे दिवस मार्गशीर्ष-पौषातले, तेही पहाटेपुरते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढायला लागतो आणि महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत काढता पाय घेते. आता स्वेटरचं वेळापत्रक बघा. लोकर दसऱ्याला येते. फराळाच्या गडबडीत ती पिशवीतच राहते. तुळशीचं लग्न लागलं की टाके घातले जातात. संक्रांतीपर्यंत पाठ होते, रथसप्तमीच्या मागेपुढे पुढचा भाग, बाह्या शिमग्यात आणि गळ्याची पट्टी पाडव्याला. म्हणजे घालून बघायची वेळ येते तेव्हा घरात माठ आलेला असतो. ज्याच्यासाठी विणला त्या पोराला पंख्याखाली उभं करून, घामाने चिकटलेल्या केसांवरून गळा ओढून खाली घेतात, सगळे "छान बसलाय हो" म्हणतात, आणि स्वेटर डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत जातो. पुढच्या थंडीपर्यंत पोरगं वाढलेलं असतं. आमच्या घरात स्वेटर कायम धाकट्याने घातला; माप तेवढं थोरल्याचं घेत.

मग ही उठाठेव कशासाठी? पुष्कळ निरीक्षणाअंती माझं असं मत झालंय की स्वेटरचा थंडीशी संबंध जेमतेम आहे. मराठी घरात स्वेटर विणला जातो तो पुस्तक वाचता यावं म्हणून.

आजीच्या काळातली दुपार डोळ्यांपुढे आणा. पंगती उठल्या, उष्टी-खरकटी निघाली, पोतेरं फिरलं. आता घरातली सून पुस्तक घेऊन टेकली तर ती काय करते आहे? ती नुसती बसली आहे. आणि बसलेल्या माणसाला काम सांगता येतं. "बसलीच आहेस तर एवढ्या शेंगा फोड." "बसलीच आहेस तर वाती वळ." पुस्तक मिटून ठेवायला काय लागतं? पण तीच सून हातात सुया घेऊन बसली की ती काम करते आहे. शिवाय ते घरच्याच कोणासाठी तरी चाललेलं आहे, बहुधा सासऱ्यांच्याच मफलरचं. अशा वेळी हाक आली तर तिने मान वर न करता एवढंच म्हणायचं, "एवढी सुई होऊ दे."

एका सुईवरचे सगळे टाके दुसऱ्या सुईवर गेले की एक सुई झाली. मध्येच उठलं तर टाके गळतात, आणि गळलेला टाका खालपर्यंत उसवत जातो, एवढं पुरुषांनाही ऐकून माहीत असतं. त्यापलीकडे त्यांना काही माहीत नसतं. सुईवर टाके किती, ती संपायला वेळ किती लागतो, हे घरातल्या एकाही पुरुषाने कधी मोजून पाहिलेलं नाही. त्यामुळे सुईची लांबी सर्वस्वी विणणारीच्या मर्जीवर असते. आजीची सुई प्रकरण संपेपर्यंत संपत नसे.

कारण मांडीवर दोन मजली कारभार असायचा. वर लोकर, खाली पुस्तक. आजोबा ओटीवरून आत डोकावले तर त्यांना लोकर दिसे. लोकर जरा जास्त वर धरलेली असली तर समजावं की खाली कादंबरी रंगात आली आहे.

1930 साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागलं. बायकांसाठी मासिकं आली, त्यांत विणीचे नमुनेही येऊ लागले, आणि वाचणाऱ्या सुनांना उघड मासिक धरायला कारण मिळालं. "काय वाचते आहेस?" "वाचत कुठे, नमुना बघते आहे." नमुना पानभर असायचा. बाकीच्या पानांत विधवाविवाह, प्रौढविवाह, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे प्रश्न असं बरंच काही असे, आणि तेही नमुना बघता बघता बघून होई. त्याच 1930 साली तिकडे इंग्लंडात अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा कादंबरीत आली. या म्हातारीच्या हातातलं लोकरीचं काम बघून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि तिच्यासमोर नको ते बोलून बसतात. ख्रिस्तीबाईंना हे मर्म कोणी सांगितलं कोण जाणे. आमच्याकडे ते प्रत्येक वाड्यात ठाऊक होतं.

पुस्तकं यायची सार्वजनिक वाचनालयातून. नाशिकचं हे वाचनालय, ज्याला आम्ही लाडाने 'सावाना' म्हणतो, 1840 सालचं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती 1853 साली. म्हणजे देशात प्रवासी आगगाडी यायच्या तेरा वर्षं आधी नाशकात वाचनालय आलं होतं. आमच्या गावात माणसं कुठे जायच्या घाईत दिसत नाहीत, त्याचं मूळ इथे असावं.

विणणाऱ्या वाचकाला वाचनालयाचंच पुस्तक लागतं. कारण साधं आहे: ते उताणं पडून राहतं. वाचनालयात बांधणी उसवून पुन्हा जाड पुठ्ठ्यात शिवलेलं, शेकडो हातांतून गेलेलं पुस्तक मांडीवर ठेवलं की गरीब गायीसारखं पसरतं. दुकानातून आणलेलं कोरं पुस्तक मिटायला टपलेलं असतं. त्याला वजन लागतं. आमच्या घरी या कामासाठी खलबत्त्यातला बत्ता होता. सुंठ-वेलदोडे कुटून झाले की बत्ता फडक्याने पुसून वाचनाच्या ड्युटीवर रुजू होई. तो पुसून किती पुसला जायचा? आमच्या संग्रहातल्या कित्येक पुस्तकांच्या मधल्या पानांना अजून सुंठीचा वास आहे. आणि पान उलटायला हात मोकळा नसतो म्हणून सुईच्या मागच्या बोंडाने पान वर उचलायचं, कोपराने दाबायचं आणि टाका न सोडता पुढे जायचं. आत्या हे अजून करते. बघणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने पान उलटलं.

कोणत्या विणीला कोणतं पुस्तक चालतं याचंही शास्त्र आहे. नुसती सुलट विणायची असेल तर जाडजूड ऐतिहासिक किंवा पौराणिक कादंबरी. हात आपोआप चालतात, डोळे मोकळे. 'स्वामी', 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी' या ग्रंथांनी महाराष्ट्राला किती मफलर दिले याची नोंद व्हायला हवी होती. साबुदाण्याच्या विणीत एक सुलट, एक उलट, पुढच्या सुईला त्याच्या उलट; तिथे मध्ये मध्ये खाली बघावं लागतं, म्हणून ललितलेख. वेण्या घालायच्या असतील, म्हणजे तिसरी सुई लावून टाके एकमेकांवरून ओलांडून न्यायचे असतील, तर पुस्तक बंद आणि रेडिओ सुरू. बाबूराव अर्णाळकरांना विणकामात सक्त मनाई होती. त्यांच्या हजारावर रहस्यकथांपैकी एकीनेही कधी कोणाला शांतपणे सुई पुरी करू दिली नसेल.

शिवाय वाचनाचा परिणाम थेट हातावर होतो. मन ताणलं की लोकर ताणली जाते आणि वीण आवळते. विणणाऱ्या कोणालाही विचारा. काकांचा एक बिनबाह्यांचा स्वेटर आहे. तो पोटाशी ऐसपैस आहे आणि छातीवर इतका आवळ की काका त्यात पूर्ण श्वास घेत नाहीत. विश्वास पाटलांची 'पानिपत' 1988 साली आली आणि सावानात नंबर लागून यथावकाश आत्याच्या मांडीवर आली. पोटापर्यंतचा भाग फौजा उत्तरेकडे निघाल्या तेव्हाचा. यमुनेच्या अलीकडे-पलीकडे मुक्काम पडायला लागले तशी वीण घट्ट होत गेली. आणि 14 जानेवारी 1761 ही तारीख काकांच्या बरोबर छातीवर आहे.

त्या वर्षी आत्या तिळगूळ वाटतानाही पानिपतच्या भाऊसाहेबांवर चिडलेली होती.

"एवढ्या बायका बरोबर नेल्या होत्या ना? तीर्थयात्रेला म्हणून? मग पौषातल्या थंडीत माणसं उघडीबोडकी कशी राहिली? बायकांनी काय केलं मग तिकडे?"

"आत्या, तेव्हा दोन सुयांचं विणकाम आपल्याकडे नव्हतं. ते पुढे मिशनऱ्यांच्या मडमांबरोबर आलं."

"तेच म्हणते मी. नियोजन म्हणून नाही!"

यावर इतिहास संशोधक मंडळही काही बोलू शकणार नाही.

डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये एक मादाम दफार्ज आहे. ही बाई पॅरिसात दारूच्या दुकानात गल्ल्यावर बसून सतत विणत असते, आणि ज्यांना क्रांतीनंतर मारायचं त्यांची नावं खुणांनी विणीत गुंफून ठेवते. शाळेत असताना हे वाचून मी हादरलो होतो, आणि घरी येऊन आत्याकडे नव्या नजरेने बघितलं होतं. ती गिलोटिनपर्यंत जात नाही. पण एका वाङ्निश्चयात ज्या व्याह्यांनी मानपानाचा विषय तीनदा काढला, त्यांना तिच्याकडून जो मफलर गेला, तो टोचतो. लोकर चांगली होती. तरी टोचतो.

लोकर म्हटलं तरी त्यात मेंढीचा वाटा असेलच असं नाही. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते त्यातली बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. तिचा मेंढीपेक्षा पेट्रोलशी जवळचा संबंध आहे. आपल्या मातीतली खरी लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, काळी, राठ. ती धनगर कातरतात, सूत कातलं जातं, सनगर ते मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि त्याचं घोंगडं होतं. पावसात, थंडीत, वारीत, शेतात एकच घोंगडं उभा जन्म काढतं. एका उत्साही काकूने एकदा ते सूत मिळवून त्याची कानटोपी विणली. काका ती घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. टोपी अजून आहे. तिने पितळेची भांडी लखलखीत निघतात.

लोकर घ्यायला जाणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असतो. दुकानदार शेडकार्ड पुढे करतो, बायका ते घेऊन दुकानाबाहेर उन्हात जातात, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि बाटलीहिरवा सारखेच दिसतात. मग लॉट नंबर. एकाच रंगाची लोकर दोन घाण्यांत रंगवली की सूक्ष्म फरक पडतो, आणि तो विणून झाल्यावरच दिसतो. म्हणून सगळे गुंडे एकाच लॉटचे लागतात. सात गुंडे जुळतात, आठवा दुसऱ्या लॉटचा निघतो. दुकानदार म्हणतो, "ताई, काखेत घाला, कुणाला दिसतंय?" मराठी माणसाच्या स्वेटरची काख वेगळ्या रंगाची असते ती यामुळे. आणि सुयांचे नंबर! आपल्याकडे जुनी विलायती पद्धत रूढ आहे: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर जाड, दहा मध्यम, बारा नंबर बारीक, बॉर्डरसाठी. साहेब देश सोडून गेला, खुद्द त्याच्या देशात मिलिमीटर आले, आमच्या लोकरीच्या दुकानात मात्र त्याचं उलटं राज्य चालू आहे. मला एकदा "जाड सुया घेऊन ये" म्हणून पाठवलं होतं. मी अर्थातच दुकानातला सगळ्यात मोठा नंबर मागितला. त्या सुया पुढे उंधियोत बटाटे शिजले का ते बघायला बरीच वर्षं उपयोगी पडल्या.

पूर्वी लोकर लडीत यायची आणि तिचा गुंडा घरी करावा लागे. ही लडी ज्याच्या दोन्ही हातांत अडकवायची त्या प्राण्याला लहान मूल म्हणत. हात समोर, पंजे ताठ, लडी कोपरांकडे घसरू द्यायची नाही, आणि धागा सुटत जाईल तसे मनगटं डावीकडे-उजवीकडे झुकवायची. नाक खाजवायला बंदी. अशा जखडलेल्या अवस्थेत आत्या गोष्ट सांगायची, ती तिने तेव्हा वाचत असलेल्या पुस्तकातलीच असे. मला शर्मिष्ठा आणि देवयानीचं भांडण वयाच्या मानाने फारच लवकर कळलं ते नारंगी लोकरीच्या एका लडीमुळे. श्रोता पळून जाऊ नये म्हणून त्याचे हात बांधण्याची ही पद्धत साहित्य संमेलनात आणायला हरकत नाही.

सुयांनी मिळवून दिलेल्या वाचनाच्या या परवान्याला सगळ्यात मोठं यश मिळालं ते 1962 साली. चीनने 20 ऑक्टोबरला हल्ला केला. आपले जवान हिमालयात त्या उंचीवर अपुऱ्या कपड्यांनिशी उभे आहेत हे कळल्यावर देशभर बायका सुया घेऊन बसल्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हणतात. आमच्या वाड्यात सह्याद्री विणत होता. आजी सांगायची की त्या दिवसांत तिला कोणी उठवलं नाही. सासूबाई स्वतः चहा करून आणून देत आणि पाय न वाजवता परत जात. देशासाठी विणणाऱ्या सुनेला शेंगा फोडायला कोण सांगणार? एकवीस नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली तेव्हा तिच्या स्वेटरची एक बाही राहिली होती. एवढ्या-तेवढ्या युद्धात स्वेटर होत नसतो. तो पुरा करून पाठवलाच, आणि त्याखाली ठेवून तिने काय काय वाचलं याची यादी तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होती. ती यादी सांगताना मात्र ती त्या बाहीवर येऊन थांबायची आणि विषय बदलायची.

बाकी ऋतूंत हा परवाना वेगवेगळी रूपं घेतो. उन्हाळ्यात लोकर हाताला चिकटते, सुई घामाने अडते, म्हणून सुती दोरा आणि क्रोशाची सुई बाहेर निघते. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले की कावळ्यांपासून राखणीला कोणीतरी लागतं. ही राखण मिळावी म्हणून आमच्या घरात भांडणं होत. छत्रीच्या सावलीत, काठी शेजारी, हातात क्रोशा, मांडीवर पुस्तक, आणि खालून हाक आली तर "कावळे येतात" हे उत्तर तयार. त्या काळात विणलेल्या जाळीदार रुमालांनी घरातली एकही वस्तू उघडी ठेवली नाही. टीव्हीला झालर, फ्रीजच्या मुठीला झबलं, माठाला टोपी. टेलिफोनला तर असा काही पेहराव होता की वाजला की आधी तो सोडवावा लागे. तोवर समोरचा ठेवून द्यायचा.

चातुर्मासात परवाना स्थगित. पोथी ऐकताना हात जोडलेले लागतात. हा एकच काळ, जेव्हा आमच्या घरातल्या बायकांना वाङ्मय पूर्ण एकाग्रतेने ऐकावं लागतं, आणि म्हणूनच बहुधा त्यांना डुलकी येते. मग गौरी-गणपती, पितृपक्ष, नवरात्र. यात वाचेल कोण? आणि त्यानंतर येतात दिवाळी अंक. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून महाराष्ट्रात वर्षभराचं वाचन एका आठवड्यात घरात येऊन पडतं आणि ते पुरवून पुरवून खावं लागतं. दिवाळी अंक आणि स्वेटर बरोबर सुरू होतात आणि दोन्ही गुढीपाडव्यापर्यंत चालतात. अंक लायब्ररीचा असला तर तो नंतर शेजारणीला हवा असतो, म्हणून वाचनाची गती वाढते, पर्यायाने विणीचीही. शेजारीण वाचनात जितकी चपळ तितका आमच्या घरात स्वेटर लवकर होतो.

तारखेला हमखास तयार होणारं विणकाम एकच: बाळंतविडा. कुंची, टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. बाळ काही "एवढी सुई होऊ दे" ऐकून घेत नाही. म्हणून सातवा महिना लागला की काम वाटून दिलं जातं. माझ्या मुलीच्या वेळी एक मोजा आत्याने विणला, दुसरा काकूने. लोकर तीच, सुया त्याच नंबरच्या, टाकेही मोजून तेवढेच. पण आत्या तेव्हा एक खुनाची गोष्ट वाचत होती आणि काकू प्रवासवर्णन. एक मोजा अंगठ्याला पुरला असता, दुसऱ्यात बाळ गुडघ्यापर्यंत गेलं. ते जन्मलं ऐन वैशाखात, नाशकात उन्हाच्या झळा लागत असताना, आणि अर्थातच त्याला टोपडं-मोजे चढवले. मराठी बाळाला पहिले तीन महिने ऋतू नसतात.

आणि कुठलाही स्वेटर मरत नाही. तोकडा झाला की उसवायचा. शिवण सोडून टोक सापडलं की पुढचं काम एका ओढीत: ओळीमागून ओळ टकटक सुटत जाते, आणि उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता दांडीवर टाकायची आणि खालून वजन अडकवायचं म्हणजे ती सरळ होते. वजन कसलं? पुन्हा तोच बत्ता. आजोबांच्या गडद निळ्या स्वेटरचा काकांचा मफलर झाला, मफलरची माझी शाळेची टोपी, आणि टोपीचा आता आत्याच्या लंगड्या बाळकृष्णाला अंगरखा झालाय. घरातला सगळ्यात जुना माणूस सध्या देव्हाऱ्यात आहे.

तिबेटी स्वेटरवाले थंडीत गावात राहुट्या टाकतात, तिथे आत्या दरवर्षी जाते. घेत काही नाही. माल बराचसा लुधियानाचा, यंत्रावरचा, हे तिला ठाऊक असतं. ती तिथे मागे बसून स्वतःच्या हाताने विणत असलेल्या तिबेटी बाईला भेटायला जाते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आत्या तिच्या हातातली वीण उलटी करून बघते, बोटाने टाके मोजते, ती बाई एक सुई सावकाश करून दाखवते, आत्या मान हलवते, मग आत्या आपल्या पिशवीतलं काम काढून दाखवते, ती बाई हसते आणि कुठेतरी बोट ठेवते. आत्याचा चेहरा पडतो. टाका सुटलेला असतो. हे सगळं होईपर्यंत मी पुढे उभा राहून गिऱ्हाईक असल्याचं नाटक करत जाकिटांच्या किमती विचारत असतो. एकदा नाटक अंगाशी आलं आणि जाकीट घ्यावं लागलं.

स्वेटरचा थंडीशी संबंध नाही या माझ्या सिद्धान्ताला कॅनडातून पुष्टी मिळाली आहे. माझी भाची टोरांटोला असते. आता तिथे तरी लोकरीचं चीज होईल म्हणून आत्याने तिला भरगच्च वेण्यांचा स्वेटर पाठवला. विमानाच्या तेवीस किलोंत त्यासाठी चकल्यांचा एक डबा कमी करावा लागला, यावरून घरात मतभेद झाले. भाचीने कळवलं: घरात हीटिंग असतं, तिथे हा घातला तर घाम येतो, बाहेर उणे पंधरा असतं, तिथे हा पुरत नाही. पण तिने आता स्वतः सुया घेतल्या आहेत. गोल, तारेने जोडलेल्या, नंबर मिलिमीटरमध्ये. कानात मराठी ऑडिओबुक लावून ती बर्फ पडताना विणत बसते आणि नवऱ्याने जेवायचं काय म्हणून विचारलं की हाताने थांबायची खूण करते. आत्याला हे व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, "कानात पुस्तक? मग लपवायला काय त्रास आहे तिला? सुखी आहे पोर."

काका निवृत्त झाले त्याला आता दोन-अडीच वर्षं झाली. आयुष्यभर त्यांनी शाळेत जाण्याआधी पेपर वाचला होता. निवृत्तीनंतर ठरवलं की आता सगळं वाचायचं. सकाळी आरामखुर्चीत पुस्तक उघडून बसत. "बसलाच आहात तर दळण टाकून या." आले, बसले. "बसलाच आहात तर लाइटबिल." आले, बसले. "बसलाच आहात तर हा नारळ सोलून द्या." वाचनाचा वेग महिन्याला सतरा पानं. बायकांनी चार पिढ्या जे सोसलं ते काकांच्या एका तिमाहीत लक्षात आलं, आणि गणिताचे मास्तर असल्यामुळे त्यांनी कुठलाही आरडाओरडा न करता उत्तर काढलं. एका दुपारी ते आत्याकडे गेले आणि नऊ नंबरच्या सुया मागून आणल्या.

पहिल्यांदा सगळे हसले. त्यांनी कोणाला तरी सुनावलंही की युरोपात विणकऱ्यांचे संघ होते तेव्हा त्यांत पुरुषच असत. गेल्या थंडीपासून ते एक मफलर विणताहेत. नुसता सुलट. तो सध्या खुर्चीवरून जमिनीवर येऊन कपाटापर्यंत गेलाय. तो कोणासाठी आहे हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि थांबवायचा विचार दिसत नाही. खाली जाडजूड ग्रंथ, कडेवर बत्ता. सध्या 'श्रीमान योगी' चालू आहे.

परवा शनिवारी दुपारी गव्हाचा डबा भरून काकू बाहेर आली.

"अहो, गिरणी चारला बंद होते."

काकांनी मान वर केली नाही. उत्तर आत्याने दिलं, कोपऱ्यातून.

"त्याची सुई अर्धी आहे."

काकूने डबा हातात धरून खोलीभर नजर फिरवली. आत्या विणत होती. आई विणत होती. माझी मुलगी क्रोशाची साखळी घालायला शिकत होती. मी खिडकीपाशी बसून वाचत होतो. नुसताच.